उतरवून ठेवलेलं ओझं

गोमुखाला पहिल्यांदा पोचणाऱ्या माणसाची बहुधा निराशा होते. गंगोत्रीहून चिरबासा, भोजबासा करत अठराएक किलोमीटर चालून तो आलेला असतो. डोळ्यांपुढे कॅलेंडरवरची पांढरीशुभ्र हिमनदी असते. समोर मात्र उभा असतो मळकट, करडा, भेगाळलेला बर्फाचा कडा. आणि त्याच्या वर, मागे, दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर दगडच दगड. कुणी डंपर आणून रिकामे करावेत तसे पडलेले. कुठला घरापेक्षा मोठा, कुठला मडक्याएवढा, कुठला मुठीत मावणारा. आणि सगळ्यांच्या फटींत पिठासारखी मऊ, करडी माती. तिथून वर तपोवनाच्या वाटेला लागल्यावर आमच्यातल्या एकीनं न राहवून विचारलं होतं, की अहो, हिमनदी लागणार कधी? वाटाड्यानं पायाखाली बोट दाखवलं. गेला अर्धा तास आम्ही तिच्या पाठीवरूनच चाललो होतो.

हे पुस्तक त्या अर्ध्या तासातून निघालं. हिमनदीवर लिहायचं तर बर्फावर लिहावं, असं मलाही आधी वाटत होतं. हळूहळू लक्षात आलं, की बर्फ येतो आणि जातो. मागे राहतात ते हे दगड. हिमनदी कुठवर आली होती, किती उंच होती, कुठे रेंगाळली, कुठून घाईनं निघून गेली, हे सगळं सांगायला आज बर्फ हजर नाही. दगडांचे बांध हजर आहेत. त्यांना आपल्या भूगोलाच्या पुस्तकात 'हिमोढ' म्हणतात.

नववीत हा शब्द मी पाठ केला तेव्हा तो मला ओबडधोबड वाटला होता. संस्कृतची थोडी ओळख झाल्यावर त्याची फोड कळली: हिम अधिक ऊढ. ऊढ म्हणजे वाहून नेलेलं, वाहून आणलेलं. नवोढा या शब्दातही हाच 'ऊढ' आहे. नुकतीच आणलेली, ती नवोढा. तेव्हा हिमोढ म्हणजे बर्फानं वाहून आणलेलं. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्या त्या अनाम माणसाला मनोमन नमस्कार करावा इतका हा शब्द नेमका आहे. युरोपीय भाषांतला 'मोरेन' हा शब्द आल्प्सच्या सॅव्हॉय भागातल्या शेतकऱ्यांच्या बोलीतून आला आणि जिनिव्हाच्या ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७७९ साली तो ग्रंथात आणला. त्या शब्दात मातीदगडाचा उंचवटा आहे. आपल्या शब्दात तो उंचवटा तिथे कसा आला, हेही आहे.

*

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हिमोढ समजायला जरा वेळ लागतो, कारण आपला दगड जिथल्या तिथे असतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांनी पसरला आणि थिजला. कातळाचा थर, मध्ये कधी लाल मातीचा पट्टा, त्यावर पुन्हा कातळ. घाटात बस वळण घेते तेव्हा खिडकीतून या मजल्यांची मोजदाद करता येते. पावसानं आणि नद्यांनी त्यात दऱ्या कोरल्या, पण उरलेला दगड आपली जागा सोडून गेला नाही. आणि जो गेला, तो पाण्यानं नेला. पाण्याची वाहून नेण्याची एक शिस्त असते. नदी सुपात पाखडावं तसं सगळं पाखडून ठेवते: उतार कमी झाला की आधी धोंडे टाकते, मग गोटे, मग वाळू आणि सगळ्यात शेवटी गाळ. नदीकाठच्या गोट्यांच्या कडा वाहून वाहून गुळगुळीत झालेल्या असतात.

हिमनदी पाखडत नाही. तिच्या लेखी हत्तीएवढा धोंडा आणि डोळ्यांत जाणारी धूळ सारखीच. बर्फाची जाडी तीस-पन्नास मीटरच्या वर गेली, की तो आपल्याच वजनाखाली दबून, घट्ट मळलेल्या कणकेसारखा उताराकडे सरकायला लागतो. या सरकण्यात तो दोन तऱ्हांनी दगड गोळा करतो. तळाच्या फटींत पाणी शिरतं, गोठतं, खडक फोडतं, आणि सुटलेला तुकडा बर्फाला चिकटून उपटला जातो. मग बर्फाच्या पोटात रुतलेले हे तुकडे खालच्या खडकावर पटाशीसारखे चालतात. त्यावर समांतर ओरखडे पडतात आणि घासून निघालेलं दगडाचं पीठ पाण्यात मिसळतं. गोमुखातून निघणारी भागीरथी उन्हाळ्यात करड्या दुधासारखी दिसते, ती या पिठामुळे. दुसरी भर वरून पडते. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून थंडी-उन्हानं सुटलेले दगड, दरडी, हिमप्रपात हिमनदीच्या अंगावर येऊन पडतात आणि ती त्यांना घेऊन चालू लागते. हिमालयातले कडे इतके उंच आणि खडक इतका तुटका, की तिथल्या कित्येक हिमनद्या खालच्या टप्प्यात दगडांखाली पुऱ्या झाकल्या जातात. लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या खोऱ्यात बडा शिग्री नावाची प्रचंड हिमनदी आहे. 'शिग्री' म्हणजेच दगडगोट्यांनी झाकलेली हिमनदी. तिथल्या लोकांनी नाव ठेवताना बर्फाकडे पाहिलं नाही, त्यावरच्या ओझ्याकडे पाहिलं.

या ओझ्याचा बर्फावर उलटसुलट परिणाम होतो. धुळीचा पातळ थर असेल तर तो ऊन शोषतो आणि खालचा बर्फ भराभर वितळवतो. पण थर काही सेंटिमीटरच्या पुढे जाड झाला, की तोच पांघरूण होतो. गुन्नार ओस्त्रेम या शास्त्रज्ञानं १९५९ साली मोजमापं घेऊन हे दाखवलं. आपल्याकडे बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवणाऱ्या कुठल्याही गोळेवाल्याला त्यातलं निम्मं शास्त्र ठाऊक असतं. म्हणून हिमोढाच्या पोटात कित्येकदा जुना बर्फ जिवंत राहतो. मूळ हिमनदी मागे सरते, बाहेरून सगळा दगडांचा ढिगारा दिसतो, वर गवतही उगवतं, आणि आत बर्फाचा गाभा हळूहळू झिजत असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे केदारनाथ आणि सिक्कीमपर्यंत जायचं आहे, तिथे ती लागेल.

*

पाठ्यपुस्तकात हिमोढांचे चार प्रकार असतात: भू-हिमोढ, पार्श्व हिमोढ, मध्य हिमोढ आणि अंत्य हिमोढ. परीक्षेपुरते ते चार प्रकार असतात. डोंगरात उभं राहिल्यावर ते चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं होतात.

हिमनदी किती जाड होती, हे पार्श्व हिमोढ सांगतो. गंगोत्री हिमनदीच्या दोन्ही कडांना दगडांच्या लांबच लांब धारा उभ्या आहेत. आजचा बर्फ त्यांच्या माथ्यापासून कितीतरी खाली गेलाय. रिकाम्या हौदाच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ राहावी, तशा त्या दिसतात. आतली बाजू खडी, कच्ची, दिवसभर दगड सोडणारी. बाहेरची बाजू उतरती आणि गवताळ. शिवलिंग शिखराच्या पायथ्याचं तपोवन, जिथं भरल चरताना दिसतात, ते पठारी कुरण अशाच एका धारेच्या आडोशाला आहे. खालून चढणारा माणूस घसरत, धापा टाकत त्या कच्च्या भिंतीवरून वर येतो, आणि एकदम पायांखाली हिरवळ आणि झुळझुळता ओहोळ लागतो. हिमोढ आहे म्हणून ते कुरण आहे.

हिमनदीला किती घराणी येऊन मिळाली, हे मध्य हिमोढ सांगतो. दोन हिमनद्या एकत्र आल्या, की त्यांच्या आतल्या कडांचे पार्श्व हिमोढ जुळून मधोमध एक काळी रेघ तयार होते. विमानातून पाहिलं तर मोठ्या हिमनदीवर अशा कितीतरी रेघा समांतर धावताना दिसतात. त्या मोजल्या की वरून किती उपनद्या आल्या त्याचा अंदाज बसतो. स्वित्झर्लंडच्या उंटरआर हिमनदीवर फ्रान्झ योझेफ हुगी यांनी १८२७ साली अशाच एका मध्य हिमोढावर झोपडी बांधली होती. तेरा-चौदा वर्षांनी पाहिलं, तर ती बांधल्या जागेपासून सुमारे १,४०० मीटर खाली गेलेली. हिमनदी चालते, हे तिच्या पाठीवर घर बांधून सिद्ध झालं.

भू-हिमोढ म्हणजे हिमनदीच्या तळाशी पसरलेला आणि बर्फ गेल्यावर तिथेच राहिलेला थर. त्याला उंची नाही, म्हणून त्याच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. पण उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेतली मैलोन्‌मैल शेतजमीन याच थरावर आहे.

आणि अंत्य हिमोढ. हिमनदीच्या तोंडाशी, दरीला आडवा पडलेला चंद्रकोरीसारखा बांध. यालाच वाचायला शिकलं की बाकीचं सोपं होतं, आणि यालाच लोक सगळ्यात जास्त चुकीचं वाचतात.

*

चूक एका शब्दामुळे होते. 'हिमनदी मागे हटते आहे', असं आपण बातम्यांत वाचतो आणि समजतो की बर्फ उलटा वर चालला आहे. बर्फ कधीच उलटा जात नाही. तो सतत खालीच येत असतो. तोंडाशी जितका वितळतो तितकाच वरून आला, तर तोंड जागच्या जागी राहतं. कमी आला तर तोंड मागे जातं, जास्त आला तर पुढे. गुऱ्हाळात चरकाला एका बाजूनं ऊस येत राहतो आणि दुसऱ्या बाजूला चिपाडं पडत राहतात. चरक जागचा हलत नाही, चिपाडांचा ढीग मात्र वाढत जातो. हिमनदीचं तोंड एका जागी टिकून राहिलं, की वरून येणारे दगड त्याच जागी उतरत राहतात आणि बांध चढत जातो.

यातून एक गोष्ट निघते जी पटकन सुचत नाही. अंत्य हिमोढ मोठा आहे म्हणजे हिमनदी मोठी होती, असं नाही. ती तिथे बराच काळ थांबली होती, किंवा तिच्या अंगावर दगड फार होते. मोठा हिमोढ ही मुक्कामाची खूण आहे. वारीचा तळ सकाळी उठल्यावर त्या माळावर कुणी गेलं, तर तीन-तीन दगडांच्या चुली, राख आणि पत्रावळी दिसतात. दिंडी नुसती चालून गेली त्या रस्त्यावर यातलं काही नसतं. दरीत वर चढत जाताना एकामागून एक असे लहान लहान बांध लागतात, तेव्हा समजावं, हिमनदी मागे जाता जाता इथे विसावली होती, मग इथे, मग इथे. दोन बांधांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात ती घाईत होती.

पण या वाचनाला एक मर्यादा आहे, आणि प्रामाणिक अभ्यासक ती आधी सांगतो. हिमनदी नंतर कधी पूर्वीपेक्षा पुढे आली, तर वाटेतले आपलेच जुने बांध मोडून टाकते. मास्तर पाटी पुसून पुढचं गणित घालतात, तसंच. म्हणून दरीत जे हिमोढ उरलेत ते सगळ्या मुक्कामांचे नाहीत. नंतरच्या कुठल्याही चालीनं ज्यांना गाठलं नाही, तेवढ्यांचेच आहेत.

गंगोत्रीच्या दरीत या दृष्टीनं चालून पाहावं. आजच्या गोमुखाच्या खाली, भोजबासाच्या परिसरात, तुलनेनं ताजे हिमोढ आहेत. गेल्या काही शतकांतल्या थंड काळातले. त्यांच्याही खाली, हर्षिलच्या पुढे झाला गावापर्यंत, गोमुखापासून चाळीसएक किलोमीटरवर, फार जुन्या आणि फार मोठ्या हिमनदीच्या खुणा अभ्यासकांना मिळाल्या. ती साठेक हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. आज देवदारांत वसलेली गावं, सफरचंदाच्या बागा आणि लष्कराच्या छावण्या जिथे आहेत, तिथे तेव्हा बर्फ होता. आणि अलीकडचा हिशेब माणसांनीच ठेवलाय. सर्वेक्षक जॉन हॉजसन ३१ मे १८१७ रोजी गोमुखाशी पोचले. सॅम्युअल बॉर्न यांनी १८६६ साली तिथल्या बर्फाच्या गुहेचं छायाचित्र घेतलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जे. बी. ऑडेन यांनी १९३५ साली तोंडाचा नकाशा काढला. तेव्हापासून १९९६ पर्यंत ते तोंड सुमारे १,१५० मीटर मागे गेलं, म्हणजे वर्षाला सरासरी १९ मीटर.

हजारो वर्षांपूर्वीचा काळ कसा मोजतात, हे या पुस्तकात सविस्तर येईल. इथे एवढंच सांगतो, की धोंडा बर्फातून बाहेर पडून उघड्यावर आला, की अंतराळातून येणाऱ्या किरणांचा त्याच्यावर मारा सुरू होतो आणि त्यातल्या गारगोटीच्या कणांत बेरिलियम-१० नावाचा दुर्मीळ अणू थोडाथोडा साठत जातो. तो किती साठला यावरून धोंडा किती काळ उघड्यावर आहे ते काढतात. उन्हात राबलेल्या माणसाच्या हातावरून त्याचा उन्हाळा ओळखावा, तसंच काहीसं.

*

दगडांच्या या लिपीकडे शिकलेल्या लोकांचं लक्ष वेधलं ते एका फारसं न शिकलेल्या माणसानं. स्वित्झर्लंडच्या बान्य दरीतला जाँ-पिएर पेरोदँ हा सुतार आणि शिकारी. दरीत खूप खालच्या बाजूला, आसपासच्या खडकाशी नातं नसलेले प्रचंड धोंडे पडले होते. ते महाप्रलयाच्या पाण्यानं आणले, असं तेव्हाचे विद्वान मानत. पेरोदँचं म्हणणं होतं, की एवढे धोंडे पाण्याला पेलणारे नव्हेत, हिमनद्या पूर्वी इथवर आल्या असणार. १८१५ साली त्यानं हे भूवैज्ञानिक जाँ द शारपाँतिए यांना सांगितलं, आणि शारपाँतिए यांना ते इतकं अचाट वाटलं, की त्यांनी सोडून दिलं. तीनच वर्षांनी, १६ जून १८१८ रोजी, त्याच दरीत जिएत्रो हिमनदीच्या बर्फानं अडवलेलं पाणी फुटलं आणि खालची गावं धुऊन गेली. ते पाणी उतरवण्यासाठी बर्फात बोगदा खणणारे अभियंते इग्नाझ वेनेट्झ यांना पुढे पेरोदँचं म्हणणं पटलं. त्यांनी शारपाँतिए यांना पटवलं, शारपाँतिए यांनी निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांना. अगासींनी १८३७ साली न्यूशातेलच्या सभेत हिमयुगाची कल्पना मांडली आणि १८४० साली त्यावर ग्रंथ लिहिला. कीर्ती अगासींच्या वाट्याला आली. पहिलं वाक्य मात्र एका सुताराचं होतं, ज्यानं दगड कुठले आणि पडलेत कुठे, एवढंच नीट पाहिलं होतं.

एकदा लिपी कळल्यावर नकाशेच बदलले. इटलीतलं गार्डा सरोवर दक्षिणेला हिमोढांच्या टेकड्यांनी अडवलेलं आहे आणि त्या टेकड्यांवर द्राक्षमळे आहेत. फिनलंडच्या दक्षिणेत साल्पाउसेल्का नावाचे शेकडो किलोमीटर लांबीचे बांध आहेत. बारा हजार वर्षांपूर्वी हवा पुन्हा थंड झाली तेव्हा युरोपचा हिमस्तर तिथे अडून राहिला होता. न्यूयॉर्कचं लाँग आयलंड बरंचसं अंत्य हिमोढांनी घडलंय. ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमधले उंचवटे त्यातलेच. तोच बांध पुढे न्यू जर्सीत पर्थ अँबॉय, मेटचन, समिट, मॉरिसटाउन असा जातो. मेटचनला लागून असलेल्या एडिसनच्या परिसरात आज अनेक मराठी कुटुंबं राहतात. अंगणात गुलाब लावताना कुदळीला लागणारे गोटे वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वी कॅनडाकडून आलेल्या बर्फाच्या शेवटच्या मुक्कामाचे असू शकतात, ही गोष्ट त्यांतल्या थोड्यांनाच माहीत असावी.

आणि हिमोढ पाहायला एवढं लांब जायलाही नको. चंद्रपूरजवळ, इरई इथे, एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकाला चुनखडीचा एक गुळगुळीत घासलेला आणि समांतर ओरखडे पडलेला पृष्ठभाग आढळला. त्यावर लहानमोठे धोंडे बारीक मातीत रुतलेले होते. ही तालचेर नावाची खडकमाला. ओडिशातल्या तालचेरला असेच धोंडे पाहून ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ सालीच बर्फाचा संशय घेतला होता. इरईच्या ओरखड्यांनी तो पक्का व्हायला मदत झाली. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड दक्षिण ध्रुवाकडे होता आणि त्यावर हिमस्तर होते. मे महिन्यात ४५ अंशांवर तापणाऱ्या चंद्रपूरच्या पायाखाली हिमनदीच्या खुणा आहेत, आणि त्या थरांच्या वर तो कोळसा आहे ज्यावर चंद्रपूर चालतं.

*

आता हिमोढाची दुसरी बाजू, जिच्यासाठी हे पुस्तक मराठीत असायला हवं असं मला तीव्रतेनं वाटलं.

अंत्य किंवा पार्श्व हिमोढाच्या आड बर्फ मागे सरला, की मधल्या खोलगटात पाणी साठतं. पाहता पाहता सुंदर निळं सरोवर होतं. हे धरण कुणी बांधलेलं नाही. त्याला सांडवा नाही, गाभ्यात चिकणमातीची भिंत नाही, दाबून बसवलेला भराव नाही. न पाखडलेले दगड आणि माती, आणि कित्येकदा पोटात वितळणारा बर्फ. मातीच्या धरणाचं पाणी बाहेर पडू लागलं की काय होतं, हे पुण्याला सांगायला नको. १२ जुलै १९६१ ची पानशेतची सकाळ अजून घराघरात सांगितली जाते. हिमोढाचं धरण त्याहून कच्चं असतं, आणि त्याच्या वरच्या कड्यावर बर्फ लोंबत असतो.

नेपाळच्या खुंबू भागात ४ ऑगस्ट १९८५ रोजी दिग त्सो सरोवरात वरून बर्फ कोसळला. लाट उठली, हिमोढ फुटला, आणि जवळजवळ पूर्ण होत आलेला नामचेचा जलविद्युत प्रकल्प वाहून गेला. त्यानंतर जग या सरोवरांकडे गांभीर्यानं पाहू लागलं. नेपाळनं २००० साली त्सो रोल्पा सरोवराची पातळी तीन मीटर उतरवली आणि २०१६ साली इमजा सरोवराची तीन मीटरांहून थोडी जास्त.

केदारनाथ आपल्याला जास्त जवळचं. मंदिर आहे ते साडेतीन हजार मीटर उंचीवर, चोराबारी आणि तिच्या शेजारच्या हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीच्या सपाटीवर, मंदाकिनी आणि सरस्वती यांच्या मधोमध. वर चोराबारी हिमनदीच्या पार्श्व हिमोढानं अडवलेलं एक तळं होतं. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ साली तिथे विसर्जित केला, म्हणून त्याला गांधी सरोवर म्हणत. सुमारे ४०० मीटर लांब, २०० मीटर रुंद, पंधरा-वीस मीटर खोल, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. दगडांतून झिरपेल तेवढंच. जून २०१३ मध्ये हिम नुकतंच वितळत होतं आणि त्यावर पाऊस आला. वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या चोराबारीजवळच्या केंद्रावर १६ जूनच्या संध्याकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ३२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. १७ जूनच्या सकाळी पावणेसातच्या सुमारास हिमोढ फुटला आणि तळं काही मिनिटांत रिकामं झालं. पाण्याबरोबर आलेल्या हिमोढाच्याच दगडांनी वस्ती गाडली. मंदिराच्या मागे एक मोठा धोंडा येऊन अडला आणि प्रवाह दोन्ही बाजूंना फाकला. आज त्याची भीमशिला म्हणून पूजा होते. हजारो माणसं गेली. महाराष्ट्रातून गेलेले यात्रेकरूही त्यांत होते. ते दर्शनाला आले होते, आणि त्यांच्या डोक्यावर पाणी पेलून धरलेल्या दगडांच्या त्या बांधाला हिमोढ म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

दहा वर्षांनी, ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री, सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवरात पार्श्व हिमोढाचाच एक मोठा तुकडा कोसळला. गोठलेल्या जमिनीनं एकसंध धरलेला सुमारे १ कोटी ४७ लाख घनमीटर दगडमातीचा भाग. त्यानं उठवलेल्या लाटेनं समोरचा हिमोढ फोडला. पाणी तिस्तेच्या खोऱ्यात उतरलं आणि चुंगथांगचं १,२०० मेगावॉट प्रकल्पाचं धरण घेऊन गेलं. त्याच सिक्कीमच्या आणि पूर्व नेपाळच्या दऱ्यांत जोसेफ हूकर १८४८ ते १८५० मध्ये वनस्पती गोळा करत हिंडले होते. त्यांनी तिथले दरीला आडवे पडलेले प्रचंड हिमोढ पाहिले, रेखाटले आणि १८५४ साली छापून आलेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांचं वर्णन केलं. लिपी तेव्हाही समोर होती आणि वाचणाराही होता.

*

पुस्तकाची रचना साधी आहे. पहिला भाग हिमनदी दगड कसे उचलते आणि कसे ठेवते याचा. दुसऱ्या भागात भागीरथी, मंदाकिनी, चंद्रा आणि तिस्ता या चार खोऱ्यांतून चालत जाऊन हिमोढ वाचायचा प्रयत्न आहे. तिसरा भाग हिमोढावर आणि हिमोढाखाली राहणाऱ्या माणसांचा: त्यांची शेतं, त्यांची देवस्थानं, त्यांचे प्रकल्प. शक्य तिथे मी आपल्या पाठ्यपुस्तकांतले शब्दच वापरले आहेत. जिथे मराठी शब्द नुसता कोशात पडून आहे, तिथे सरळ रूढ शब्द घेतला आहे. हे पुस्तक भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला अपुरं वाटेल. ते चारधामला निघालेल्या, हिमालयात भटकणाऱ्या, किंवा नुसतंच घरी बसून नकाशे पाहणाऱ्या माणसासाठी आहे.

वाचकाकडून एकच अपेक्षा. दगडांचा ढीग दिसला की ओलांडून पुढे जाण्याआधी घटकाभर थांबावं. हे दगड आसपासच्या कड्यातलेच आहेत की परके? कडा धारदार आहेत की पाण्यानं गोलावलेल्या? सगळे आकार एकत्र आहेत की पाखडलेले? बांध दरीला समांतर आहे की आडवा? आणि आडवा असेल, तर त्याच्या मागे काय आहे?

ऋण अनेकांचं आहे, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तपोवनाच्या त्या वाटेवर आमचं सामान वाहणारा एक नेपाळी तरुण होता. दर अर्ध्या तासानं तो थांबे. पाठीवरचं ओझं टेकवण्याआधी तो एक सपाट दगड निवडायचा, त्यावर पाय देऊन तो डुगडुगतो का पाहायचा, वर कड्याकडे एक नजर टाकायचा, आणि मगच नाम्लोचा पट्टा कपाळावरून काढायचा. आम्ही दमून दिसेल तिथे बसत होतो. तो आम्हाला उठवून दुसरीकडे बसवायचा. हिमनदीनं असा दगड कधी निवडला नाही. जिथे बर्फ सरला, तिथे तिनं ओझं सोडलं. दगड डुगडुगतो का, हे पाहायचं काम तिनं आपल्यावर सोडलंय.